नंबर ताईंचा की संघाचा?

आज जरा आमच्याच घरातलं सांगतो. घरातलं म्हणजे आमच्या संघाच्या कार्यालयातलं.

मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्या गटांनी स्टॉल लावला होता. चकली, कारळ्याची चटणी, काळा मसाला, कुरडया असा माल होता. दादरचे एक दुकानदार लागोपाठ दोन दिवस आले. चकली खाऊन बघितली, भाजणीत काय काय घालता ते विचारलं, आणि जाताना म्हणाले, "दिवाळीला दीडशे किलो लागेल. घटस्थापनेला आठवण करा." आमच्या समन्वयक ताईंनी त्यांचा नंबर घेतला, आपला दिला. आम्ही सगळ्या खूश.

घटस्थापना आली. समन्वयक ताई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, आणि त्या वाडीवर रेंज नाही. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा कळलं की नंबर जुन्या फोनमध्ये होता. तो फोन दुकानात बदली देऊन त्यांनी नवा घेतलेला. काही नावं नव्या फोनमध्ये आली, काही आलीच नाहीत. दुकानाचं नाव तरी? ते कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. ताईंनी नंबर 'दादा दादर' म्हणून सेव्ह केला होता. शेजारच्या स्टॉलवाल्या गटाकडून कसाबसा तो नंबर मिळाला, तोवर कोजागिरी उलटली होती. दुकानदार म्हणाले, "ताई, मी तुमच्या त्या ताईंना चार वेळा फोन लावला, लागला नाही. दसऱ्याला दुसरीकडे सांगून टाकलं."

दीडशे किलो चकली म्हणजे आमच्याकडं बावीस बायकांचं आठ दिवसांचं काम. ते गेलं.

समन्वयक ताईंची यात काय चूक? बाळंतपणाला जाणं ही चूक नव्हे, फोन बदलणं तर नव्हेच. ओळख संघाने कमावली होती आणि ती एका बाईच्या फोनमध्ये ठेवून आम्ही निवांत बसलो होतो, ही चूक आमची. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही एकच विषय घेतला. संघाचे नंबर नेमके कुठे आहेत?

पाच जणींनी आपापले फोन टेबलावर काढून ठेवले आणि एकेक नाव बघत बसलो. तुम्हीही एकदा बघा, गंमत वाटेल आणि थोडी भीतीही. फोनमध्ये नंबर सेव्ह केला म्हणजे तो एकाच जागी जातो असं नाही. तो तीन ठिकाणी जाऊ शकतो. एक म्हणजे सिमकार्ड. तिथे साधारण अडीचशे नंबर मावतात, तेही नाव आणि नंबर एवढंच. पत्ता, ई-मेल, शेरा तिथे राहत नाही. दुसरी जागा फोनची स्वतःची मेमरी. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला की ते नंबर गेले. समन्वयक ताईंचे नंबर तिथेच होते. तिसरी जागा म्हणजे गुगलचं किंवा दुसरं एखादं ई-मेल खातं. तिथले नंबर फोन बदलला तरी राहतात. नव्या फोनवर तेच खातं उघडलं की परत येतात. नवा नंबर सेव्ह करताना तो कुठे जाणार ते बहुतेक फोनवर वरच्या बाजूला लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही आणि 'सेव्ह' दाबून मोकळ्या होतो.

आमच्या हिशेबनीस ताईंचे सगळे नंबर मुलाच्या खात्यात जात होते, कारण फोन त्यानेच चालू करून दिला होता. एका सहयोगिनी ताईंचे नंबर नवऱ्याच्या खात्यात. म्हणजे बँकेच्या साहेबांपासून गटातल्या सगळ्या बायकांपर्यंत प्रत्येकीचा नंबर त्या दादांच्या फोनवरही दिसत होता, आणि हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दादांवर संशय घ्यायचा नाही. पण गटातल्या बायकांनी नंबर ताईंना दिला होता, दादांना नाही.

आमच्या कार्यालयाला एका प्रकल्पातून पाच ई-मेल खाती मिळालेली आहेत, आउटलुक वापरायचं. आजवर त्याचा उपयोग अहवाल पाठवण्यापुरता. त्यातच संपर्कांची यादी ठेवायची आणि सहकाऱ्यांबरोबर ती वाटून वापरायची सोय आहे, हे आम्हाला या निमित्ताने कळलं.

पण त्याआधी एक फरक समजून घ्यावा लागला, आणि तो समजायलाच आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. यादी पाठवणं वेगळं आणि यादी वाटून वापरणं वेगळं. पाठवणं म्हणजे रेशनकार्डाची झेरॉक्स देणं. आज मी तुम्हाला झेरॉक्स दिली, उद्या माझ्या कार्डावर सुनेचं नाव चढलं, तर तुमच्याकडच्या कागदावर ते उमटत नाही. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत होतो. व्हॉट्सॲपवर एकेक नंबर पुढे ढकलायचा, नाहीतर एक्सेलची फाइल ई-मेलने सगळ्यांना पाठवायची. सहा महिन्यांनी पाच जणींकडे पाच फाइली, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचे तीन वेगवेगळे नंबर. त्यातले दोन बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांचे.

वाटून वापरणं म्हणजे कार्ड एकच, ते एका जागी, आणि ज्यांना परवानगी आहे त्या सगळ्या तेच बघतात. एकीने नंबर दुरुस्त केला की सगळ्यांना दुरुस्त झालेलाच दिसतो. आउटलुकमध्ये यासाठी संपर्कांचं फोल्डर शेअर करतात. फोल्डर म्हणजे आपल्या कपाटातला एक खण समजा.

आता ते कसं केलं ते सांगतो. आमच्या संगणकावर आउटलुकची जुनी आवृत्ती बसवलेली आहे. नव्या आवृत्तीत मेनूची मांडणी वेगळी दिसते, त्यामुळे तुमच्याकडे बटण दुसऱ्या जागी असलं तर गोंधळू नका.

आउटलुकमध्ये दोन माणसांचं छोटं चित्र असतं, त्याला 'पीपल' म्हणतात. ते दाबलं की डाव्या हाताला 'कॉन्टॅक्ट्स' नावाचं फोल्डर आधीपासून असतं. ते शेअर करायचं नाही. त्यात आपल्या नणंदेचा नंबर असतो, डॉक्टरीणबाईंचा असतो, काय काय असतं. आम्ही नवं फोल्डर केलं आणि त्याला 'संघ संपर्क' असं नाव दिलं. कामाचे तेवढे नंबर उचलून त्यात टाकले. मग त्या नव्या फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबलं. 'शेअर' येतं, त्यात 'शेअर कॉन्टॅक्ट्स'. एक पत्र उघडतं. त्यात सहकारी ताईंचा कार्यालयाचा ई-मेल पत्ता घालायचा. त्याच पत्रात एक छोटा चौकोन असतो. समोरच्या बाईने या फोल्डरमध्ये भर घालावी, बदल करावा, पुसावं, अशी परवानगी द्यायची का, असं तो विचारतो. खूण केली नाही तर ती फक्त वाचू शकते. पत्र पाठवायचं. तिला ते मिळालं की त्यात फोल्डर उघडायचं बटण असतं. ते दाबलं की तिच्या आउटलुकमध्ये 'शेअर्ड कॉन्टॅक्ट्स' या मथळ्याखाली आपलं फोल्डर दिसू लागतं.

एवढंच. पहिल्या वेळी आम्हाला अर्धा दिवस लागला, त्यातला दोन तासांचा वेळ लाइट नव्हती म्हणून.

पण बटणं दाबण्याआधी आमच्या व्यवस्थापक ताईंनी एक प्रश्न विचारला आणि तो फार कामाचा ठरला. हे फोल्डर कुणाच्या खात्यात करायचं? त्यांच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात केलं असतं, तर उद्या त्या नोकरी सोडून गेल्या आणि ते खातं बंद झालं की फोल्डरही गेलं. पुन्हा 'दादा दादर'. म्हणून पाच खात्यांपैकी जे कार्यालयाच्या नावाचं आहे, कुणा बाईच्या नावाचं नाही, त्यात आम्ही ते केलं. तुमच्याकडे अशी सोय असेल तर हे पहिल्यांदा बघा, कारण नंतर सगळं हलवायला फार त्रास होतो.

परवानगीचंही थोडं सांगतो. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलं की 'परमिशन्स' असा भाग असतो. तिथे प्रत्येकीच्या नावासमोर पायरी ठरवता येते. 'रिव्ह्यूअर' म्हणजे फक्त वाचणारी. 'ऑथर' म्हणजे वाचणारी आणि नवी नोंद करणारी, पण बदलता-पुसता येईल ती फक्त स्वतः केलेली नोंद. 'एडिटर' म्हणजे कुणाचीही नोंद बदलू, पुसू शकणारी. गावोगाव फिरणाऱ्या सहयोगिनींना आम्ही ऑथर केलं, कारण नवे नंबर त्यांनाच मिळतात. एडिटर हिशेबनीस ताई एकट्याच. नव्या शिकाऊ मुलीला रिव्ह्यूअर. यावरून कार्यालयात दोन दिवस थोडी फुरंगटाफुरंगटी झाली, पण एकदा एका ताईंनी चुकून सहा नोंदी पुसल्या तेव्हा ती थांबली. (शेअर केलेल्या फोल्डरमधली नोंद पुसली की ती बहुधा पुसणारीच्याच 'डिलिटेड आयटम्स'मध्ये जाते. आम्ही कार्यालयाच्या खात्यात तासभर शोधत बसलो आणि नोंदी निघाल्या त्या ताईंच्या खात्यात.) त्याच यादीत सगळ्यात वर 'डीफॉल्ट' असं लिहिलेलं असतं. त्याच्यासमोर 'नन' असू द्या. तिथे दुसरं काही निवडलं तर त्या ई-मेल व्यवस्थेत ज्यांची ज्यांची खाती आहेत त्या सगळ्यांना फोल्डर खुलं होतं.

एक अडचण राहतेच. शेअर केलेलं हे फोल्डर फोनमधल्या यादीत आपोआप उतरत नाही. ते बघायला संगणकापाशी यावं लागतं, नाहीतर कार्यालयात फोन करून विचारावं लागतं. आमच्या सहयोगिनी विचारतात.

बटणांचं झालं. पण खरी अडचण बटणांची नव्हतीच.

आमच्या कोषाध्यक्ष ताई संघाच्या पहिल्या दिवसापासून आहेत. बँकेत कर्जाची फाइल घेऊन बारा वर्षं त्यांनीच खेपा घातल्या. पंचायत समितीतले साहेब, तहसीलमधले कारकून, बियाण्याचे व्यापारी, टेम्पोवाले, सगळे त्यांना नावाने ओळखतात. तालुक्यात कुठेही अडलं तर आम्ही म्हणायचो, ताईंना विचारा. त्यांच्या फोनमध्ये संघाच्या कामाचे शंभरावर नंबर. फोल्डरची गोष्ट काढली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. चहा झाला, बैठक उठली, आणि पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, "नंबर देते की. पण मग मला कोण विचारणार?"

यावर आम्ही त्या दिवशी काही बोलू शकलो नाही. कारण त्यांचं खरं होतं. ज्या बाईला शाळेत चौथीच्या पुढे कुणी जाऊ दिलं नाही, तिने उन्हातान्हात फिरून जी ओळख उभी केली तीच तिची पदवी. संगणकावर बसणारी बावीस वर्षांची मुलगी दोन मिनिटांत ती उतरवून घेणार, आणि मग बाईंची गरज संपली, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल काय? कार्यालयांमध्ये असं होतंही. यादी मिळाली की यादी देणारीला विसरतात.

आठवडाभराने आम्ही त्यांच्या घरी गेलो. एक तोडगा घेऊन गेलो होतो. आउटलुकमध्ये प्रत्येक संपर्काच्या नोंदीत खाली शेरा लिहायला मोकळी जागा असते. तिथे आम्ही लिहायचं ठरवलं की ही ओळख कुणाची, आणि फोन करण्याआधी कुणाला विचारायचं. म्हणजे बँकेच्या शाखाधिकाऱ्यांच्या नोंदीखाली लिहिलेलं असेल की आधी कोषाध्यक्ष ताईंशी बोला, मागचं कर्ज कसं मंजूर झालं ते त्यांना माहीत आहे. नंबर फोल्डरमध्ये राहील, पण नंबरामागचं शहाणपण कुणाकडे आहे तेही तिथेच राहील. ताईंनी ऐकून घेतलं. मग चष्मा लावून फोन काढला आणि एकेक नंबर सांगत गेल्या. काही नंबर त्यांनी दिले नाहीत. आम्ही मागितले नाहीत.

पुढच्या मासिक बैठकीत ठराव केला आणि इतिवृत्तात लिहिला. संघाच्या कामात, संघाच्या खर्चाने झालेल्या प्रवासात, प्रदर्शनात किंवा प्रशिक्षणात मिळालेला कामाचा नंबर आठ दिवसांच्या आत संघाच्या फोल्डरमध्ये नोंदवायचा. स्वतःची खासगी ओळख कुणी मागायची नाही. तुमच्याकडे ग्रामसंघ असो, प्रभागसंघ असो की लोकसंचालित साधन केंद्र, दर काही वर्षांनी पदाधिकारी बदलतात. अध्यक्ष बदलल्या की त्यांच्याबरोबर व्यापारीही गेला, असं व्हायला नको असेल तर हे कागदावर असलेलं बरं.

आता आमच्या हातून झालेली दुसरी चूक. ही सांगायला जड जातं.

फोल्डर नवं नवं होतं तेव्हा आम्ही उत्साहाने सगळंच त्यात भरत होतो. एका गावातल्या ताईंचा नंबर घातला आणि खाली शेरा लिहिला की घरात मारहाण होते, संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवलं आहे. पाच जणी ते वाचू शकत होत्या. त्यातल्या एकीचं सासर त्याच गावातलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरी बोलता बोलता विषय निघाला, आणि चार दिवसांत तो पिठाच्या गिरणीपर्यंत पोचला. त्या ताई कार्यालयात आल्या. बसल्याही नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "मी तुमच्यापाशी बोलले होते, ऑफिसपाशी नाही."

आम्ही माफी मागितली. त्यांच्या घरी त्यानंतर काय झालं ते इथे सांगणार नाही, तेही त्यांचंच आहे.

त्या दिवशी आम्ही फोल्डर उघडून एकेक शेरा वाचला आणि जवळजवळ साठ नोंदी काढून टाकल्या. आता नियम असा आहे. अधिकारी, कार्यालयं, दवाखाने, व्यापारी, वाहनवाले, बँका, प्रशिक्षक, म्हणजे ज्यांचा नंबर कामासाठीच असतो ते फोल्डरमध्ये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी फोल्डरमध्ये असतील, पण त्यांच्याकडे गेलेल्या बाईचं नाव कधीच असणार नाही. तिचा नंबर ज्या एका समुपदेशक ताईंना तिने दिला, त्यांच्याकडेच राहील, तोही वेगळ्या कुलपात. कुणाचं आजारपण, कुणाचं थकलेलं कर्ज, जात, आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, एटीएमचा पिन, यातलं काहीही शेऱ्यात लिहायचं नाही. पिन लिहिलेला सापडला होता म्हणूनच सांगतो.

गटातल्या सदस्यांचे नंबर फोल्डरमध्ये घ्यायचे असतील तर आधी त्यांना विचारायचं. कशासाठी घेतो, कोण कोण बघणार, हे सांगायचं. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, आणि माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची हा त्याचा मुख्य धागा आहे. पण कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं. कर्जाच्या अर्जावर घेतलेला नंबर शिलाई यंत्र विकणाऱ्याला देऊन टाकणं किती सोपं असतं, आणि नंतर दुपारी फोन कुणाला येतात, ते तुम्हाला माहीत आहे.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, आमच्या गटाकडे कुठलं आलंय आउटलुक? बरोबर आहे. फोल्डर शेअर करायची ही सोय कार्यालयाच्या विकतच्या खात्यांवर मिळते, ज्यांच्यामागे मायक्रोसॉफ्टची एक्सचेंज नावाची व्यवस्था असते. आपलं साधं, फुकटचं जीमेल असेल तर संपर्कांचं फोल्डर असं वाटता येत नाही. मग काय करायचं?

काही गट एकच जीमेल खातं काढतात आणि ते सगळ्यांच्या फोनमध्ये उघडतात, म्हणजे त्यातले नंबर सगळ्यांच्या फोनवर दिसतात. सोपं आहे, पण आम्हाला पटत नाही. पासवर्ड पाच जणींना माहीत झाला की तो कुणालाच राखता येत नाही. त्या खात्यावर आलेली पत्रंही सगळ्यांना दिसतात. एखादी गट सोडून गेली की पासवर्ड बदलून सगळे फोन पुन्हा जोडावे लागतात. त्यापेक्षा गुगल शीट बरी. तो वहीच्या पानासारखा तक्ता असतो. एकीने तो तयार करायचा, बाकीच्यांना त्यांच्या स्वतःच्या जीमेल पत्त्यावर शेअर करायचा. तिथेही पायऱ्या आहेतच. 'व्ह्यूअर' फक्त बघणार, 'एडिटर' बदल करणार. फक्त शेअर करताना 'लिंक असलेल्या कुणालाही' असा पर्याय निवडू नका. ती लिंक व्हॉट्सॲपवर गेली की कुठवर जाईल ते सांगता येत नाही. शीट फोनवरही उघडते, ही आउटलुकपेक्षा चांगली गोष्ट.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर दोनशे पानी वही घ्या. थट्टा नाही. वही कार्यालयात राहते, बाळंतपणाला जात नाही. आमच्याकडे आजही दर तीन महिन्यांनी फोल्डरमधले निवडक नंबर कागदावर छापून भिंतीवर लावतो, कारण पावसाळ्यात दोन दोन दिवस लाइट नसते. त्या कागदावर सगळ्यात वर सरकारी नंबर असतात. तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, बायकांच्या मदतीला १८१, मुलांसाठी १०९८, फोनवरून पैशांची फसवणूक झाली तर १९३०, शेतीच्या सल्ल्याला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१. हे तुम्ही आत्ताच लिहून घेतलेत तरी चालेल.

नावं कशी लिहायची तेही ठरवून घ्या, नाहीतर एवढं करून नंबर सापडत नाही. आमच्या यादीत 'सुनीता ताई', 'सुनिता ताई २' आणि 'सुनीता ताई नवीन' अशा तिघी होत्या. त्यातल्या दोघी एकच निघाल्या. एकीने मराठीत लिहिलं, दुसरीने इंग्रजीत, तर शोधताना दोन्ही सापडत नाहीत. आम्ही ठरवलं की सगळं मराठीत, आणि आधी काम, मग गाव, मग नाव. म्हणजे 'टेम्पो' असं टाइप केलं की सगळे टेम्पोवाले एकाखाली एक येतात. शेऱ्यात तारीखही घालायची, नंबर शेवटचा कधी लागला त्याची. वर्षभरात न लागलेला नंबर काढून टाकायचा.

कार्यालयातून कुणी बाई काम सोडून गेली तर त्याच दिवशी तिची परवानगी काढायची, 'परमिशन्स'मध्ये जाऊन तिचं नाव निवडून. हे अविश्वासाने करायचं नाही, किल्ली परत घेतो तसंच आहे. तिच्यासमोर करावं म्हणजे गैरसमज राहत नाही. आमच्या समन्वयक ताई बाळंतपणाहून परत आल्या तेव्हा मात्र आम्ही त्यांना परवानगी पुन्हा दिली, त्यांच्यासमोरच. त्यांनी पहिली नोंद केली ती 'किराणा, दादर' अशी. पुढे दुकानाचं नाव, पत्ता, मालकांचं नाव, आणि शेऱ्यात लिहिलं, 'चकली, घटस्थापनेआधी आठ दिवस फोन करणे.'

कोषाध्यक्ष ताई संगणकाला अजून हात लावत नाहीत. पण परवा त्या कार्यालयात आल्या, मुलीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते बीडीओ साहेब बदलले. नवे आलेत. लिही, आणि खाली माझं नाव लिही."